न चमकलेली पेटी: कोलंबसच्या एका स्वयंपाकघरातली रंगीत काच

ओहायोची राजधानी कोलंबस. तिथल्या एका जुन्या दुमजली घरात वरच्या मजल्यावर एक तरुण मराठी जोडपं भाड्याने राहतं. खाली घरमालकीण आजी राहायच्या. अमेरिकन, एकट्या, नव्वदीला टेकलेल्या. त्या गेल्यावर त्यांच्या मुलीचा अ‍ॅरिझोनाहून फोन आला: आईच्या स्वयंपाकघरातली काचेची भांडी तुम्हीच जरा लावून द्याल का? किमतीची असतील ती आम्हा बहीण-भावांत वाटायची आहेत, बाकीची दान दुकानात देऊन टाका. भाऊ क्लीव्हलँडला. दोघांत वाद नव्हता, पण वाटणी म्हटलं की कोणीतरी आकडा सांगायला लागतोच.

या जोडप्याची आणि माझी ओळख गणपतीतली. मी जुन्या काचेची छोटी विक्री करते, एका अँटिक मॉलमध्ये भाड्याचं कपाट आहे, हे त्यांना माहीत होतं. पण मला फोन येईपर्यंत त्यांनी अर्धं काम उरकलं होतं. इंटरनेटवर वाचून त्यांनी अतिनील किरणांचा एक स्वस्त टॉर्च मागवला, रात्री दिवे घालवले आणि प्रत्येक भांड्यावर मारून पाहिला. हिरवं चमकलं ते एका खोक्यात, नाही चमकलं ते दुसऱ्या. दुसरं खोकं शनिवारी दान दुकानात जाणार होतं.

"काकू, चमकतं ते जुनं ना? मग उरलेलं नवीनच असणार," असं जोडप्यातल्या नवऱ्याचं म्हणणं. त्याला म्हटलं, अरे, खोकं गाडीत ठेवू नकोस, मी येऊन बघते.

टॉर्च काय सांगतो

तो फक्त काचेत काय मिसळलंय याचा अंदाज देतो. भांडं कधी बनलं, कुठे बनलं, किती डॉलरचं आहे, यातलं काही तो सांगत नाही. युरेनियमचं संयुग घातलेली काच अतिनील प्रकाशात झगझगीत हिरवी दिसते. पिवळट हिरव्या 'व्हॅसलीन' काचेत ते प्रमाण साधारण २ टक्क्यांच्या आसपास असतं. पण मँगनीज घातलेली काचही फिकट हिरवट चमकते, आणि मँगनीज जुन्या साध्या बिनरंगी काचेतही असायचं, कारण वाळूतल्या लोहामुळे येणारी हिरवट झाक घालवायला ते वापरत. कॅडमियम असेल तर पिवळी-नारिंगी चमक येते. शिवाय स्वस्त टॉर्च ३९५ नॅनोमीटरचे असतात. त्यांचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका पडतो की फिकट चमक त्यात बुडते किंवा नसलेली भासते. ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च थोडा महाग, पण फसवत कमी.

या प्रकरणात मात्र रसायनापेक्षा इतिहास महत्त्वाचा ठरला. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या प्रकल्पामुळे अमेरिकन सरकारने युरेनियम ताब्यात घेतलं आणि काचकारखान्यांना ते मिळेनासं झालं. हे निर्बंध १९५८ साली उठले. म्हणजे युरेनियम असलेलं अमेरिकन भांडं एकतर युद्धाआधीचं, नाहीतर १९५८ नंतरचं, अगदी कालपरवाचंही. केंब्रिज, ओहायो इथला मोसर काचकारखाना आजही व्हॅसलीन काचेची भांडी बनवतो आणि ती छान चमकतात. उलट १९४५ ते १९५८ या काळातलं अस्सल भांडं चमकत नसेल तर त्यात नवल काहीच नाही. आणि अमेरिकन स्वयंपाकघरातली आज सर्वांत जास्त मागितली जाणारी कितीतरी रंगीत काच नेमकी याच वर्षांतली आहे.

त्यामुळे मी टॉर्च नेहमी शेवटी काढते. आधी भांडं धुऊन कोरडं करायचं, मग दिवसाच्या उजेडात बघायचं, मग बोटाने. सिंकमध्ये टॉवेल अंथरून कोमट पाण्यात एकेक भांडं धुतलं. डिशवॉशरमध्ये ही भांडी घालू नयेत, का ते पुढे येईलच.

हिरवे वाडगे

न चमकलेल्या खोक्यात सगळ्यात वर चार वाडगे होते, एकात एक बसणारे. दुधाळ हिरवे, वरून पाहिलं तर पाण्याच्या थेंबाच्या आकाराचे. एका टोकाला ओतायची चोच. जोडप्याने त्यांची तळाची अक्षरं वाचली होती: वळणदार लिपीत फायर-किंग हे नाव आणि खाली अमेरिकेत बनवल्याची ओळ. पण त्यांनी हेही वाचलं होतं की फायर-किंगची हिरवी भांडी पुन्हा नव्याने निघाली. न चमकणारं आणि पुन्हा निघालेलं, म्हणजे नकली, असा त्यांनी हिशेब मांडला.

या वाडग्यांचा माग काढायचा तर कोलंबसच्या आग्नेयेला तीसेक मैलांवरच्या लँकेस्टरला जावं लागतं. कराडजवळची ओगलेवाडी जशी काचेच्या नावाने ओळखली जायची तसं हे गाव. हॉकिंग नदीकाठी १९०५ साली आयझॅक कॉलिन्सने हॉकिंग काच कंपनी काढली. १९२४ मध्ये मोठी आग लागून कारखाना जळाला, तो पुन्हा उभा राहिला, आणि मंदीच्या तोंडावर त्यांनी इतकं वेगवान दाबयंत्र बसवलं की पाच सेंटला दोन पेले विकणं परवडू लागलं. १९३७ साली अँकर कंपनीशी विलीन होऊन अँकर हॉकिंग झाली. फायर-किंग हे तिचं ओव्हनमध्ये चालणाऱ्या भांड्यांचं नाव, चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीचं. त्या नावाखालचा दुधाळ हिरवा रंग, म्हणजे जेडाइट, १९४५ पासून निघू लागला आणि सत्तरच्या दशकापर्यंत चालला. म्हणजे युरेनियम मिळत नव्हतं त्या काळातच तो जन्मला. साधारणपणे फायर-किंगचं जेडाइट चमकत नाही, आणि चमकलं नाही म्हणून ते बाद होत नाही.

आजी मूळच्या लँकेस्टरच्या, वडील काचकारखान्यात कामाला होते, हे मुलीने फोनवर सांगितलं. ऐकायला बरं वाटलं, पण किंमत करताना मी ते बाजूला ठेवलं. जुन्या मालाच्या धंद्यात गोष्टी फुकट मिळतात आणि खरेदीदाराला गोष्टीची पावती दाखवता येत नाही.

मग अस्सल कसे ठरवले? अँकर हॉकिंगने २००० साली जेडाइट परत काढलं तेव्हा शिक्क्यातच २००० हा आकडा घातला. जपानमध्ये परवान्याने निघणाऱ्या नव्या फायर-किंगवर जपानचं नाव असतं. बाहेरून आलेल्या नकलांवर बहुधा शिक्काच नसतो, असलाच तर चिकटपट्टी. आपल्या वाडग्यांवर यातलं काही नव्हतं. पण शिक्का हा एकच पुरावा कधी धरू नये. तळाची कड, जिच्यावर भांडं टेकतं, ती भिंगाखाली पाहिली. पन्नास-साठ वर्षं ओट्यावर सरकलेल्या भांड्याला तिथे सगळ्या दिशांनी बारीक ओरखडे असतात. कोणी मुद्दाम कागदाने घासलं असेल तर रेघा एकाच दिशेच्या येतात. आतल्या बाजूला धातूच्या चमच्याने आणि अंडी फेटायच्या यंत्राने उठलेल्या करड्या रेघा होत्या. काचेचा स्पर्श कोरडा, नकली जेडाइट हाताला बऱ्याचदा तेलकट आणि जाड लागतं. चारही वाडग्यांचा हिरवा एकसारखा नव्हता. यानेही बिचकायचं कारण नाही, भट्टीच्या प्रत्येक घाण्यात रंग थोडा इकडेतिकडे व्हायचाच.

शेवटचं काम नखाचं. काठावरून आणि चोचीवरून नख हळू फिरवायचं, डोळ्याला न दिसणारा टवका नखाला अडकतो. दुसऱ्या नंबरच्या वाडग्याच्या चोचीखाली एक टवका निघाला, तांदळाच्या कणीएवढा. बाकी तीन शाबूत, त्यात सगळ्यात लहानही होता, याचा मला विशेष आनंद. अशा संचांतला लहान वाडगा आधी फुटतो किंवा हरवतो, आणि मग बाकीचे तीन घेऊन लोक वर्षानुवर्षं चौथा शोधत फिरतात.

याच खोक्यात जेन रे नावाच्या आकृतिबंधाची ताटं आणि कपबशा होत्या: काठाला बारीक उभ्या रेघा, तोच हिरवा. काहींवर शिक्का, काहींवर काहीच नाही. यावरूनही त्यांना शंका आली होती. पण बऱ्याच मालावर कारखाना फक्त वर्खाचं लेबल लावायचा, ते पहिल्या धुण्यातच जायचं. शिक्का असलेली बशी आणि नसलेली बशी शेजारी ठेवून रेघा मोजल्या, कडेची जाडी पाहिली, कपाच्या कानाचं वळण ताडून पाहिलं. एकाच साच्याची होती.

गुलाबी भांड्यांचं वेगळंच

न चमकलेल्या खोक्यातलं सगळं सोनं होतं असं नाही. गुलाबी पारदर्शक काचेच्या चार थाळ्या आणि लोणी ठेवायचं झाकणाचं भांडं होतं, चेरीच्या फांद्या-पानांची नक्षी असलेलं. हा जेनेट काच कंपनीचा चेरी ब्लॉसम आकृतिबंध. पेनसिल्व्हेनियातल्या जेनेट गावच्या या कारखान्याने तो १९३० ते १९३९ दरम्यान काढला. मंदीच्या काळातली ही यंत्रावर दाबलेली स्वस्त काच. ओट्सच्या डब्यात एक बशी फुकट, सिनेमाच्या तिकिटावर एक वाटी, अशी ती घरोघर पोचली. त्यामुळे तिच्यात बुडबुडे, सांध्याची जाड रेघ, गरम काच कातरीने तोडल्याची आडवी खूण असतेच. नवखा माणूस हे दोष समजून किंमत पाडतो. हे जन्मखुणेत धरायचं, किंमत कमी करायची ती नंतर झालेल्या टवक्या-तड्यांसाठी.

थाळ्या अस्सल. लोण्याचं भांडं मात्र नाही. चेरी ब्लॉसमच्या नकला १९७०च्या दशकापासून बाजारात आहेत, आणि लोण्याचं भांडं हे नकलाकारांचं आवडतं, कारण मूळ झाकणं फुटून गेल्यामुळे त्यांना भाव होता. दोन्ही शेजारी ठेवली की फरक पानांवर दिसतो. जुन्या साच्यातल्या पानाची कड दातेरी आणि शिरा खऱ्या पानासारख्या अनियमित आहेत. नव्यातल्या शिरा सरळ, मोजून आखलेल्या. गुलाबीही थोडा थंड. आजींनी ते बहुधा थाळ्यांना जोड म्हणून नंतर घेतलं असावं. त्यात गैर काहीच नाही, फक्त यादीत ते वेगळ्या ओळीवर गेलं. गुलाबी काच सहसा चमकत नाही, तेव्हा टॉर्चने खऱ्याला आणि खोट्याला एकाच खोक्यात टाकलं होतं.

त्याच खोक्यात निळा कोबाल्ट रंगाचा चौकोनी डबा होता, फ्रिजमध्ये उरलंसुरलं ठेवायचा, अंगावर फुल्याफुल्यांची जाळी. तळाला हेझल-अ‍ॅटलास कंपनीची खूण: वर एच, त्याच्या पोटाखाली ए. देखणा, शाबूत आणि झाकणाशिवाय. झाकण नसलेल्या फ्रिजच्या डब्याला निम्म्याहून कमी किंमत मिळते, कधी तिसरा हिस्साही नाही.

रंग काचेत की काचेवर

उरले ते पायरेक्सचे चार वाडगे, पिवळा, हिरवा, लाल, निळा. कॉर्निंग कंपनीने हा संच १९४५ साली काढला. युद्धात सैन्याच्या भोजनगृहांसाठी जाड दुधी काचेची भांडी करायचा सराव झाला होता, तीच काच घरगुती बाजारात आणताना बाहेरून रंग फवारून भट्टीत पक्का केला. हिरवे जेडाइट वाडगे आरपार हिरवे आहेत. पायरेक्सचे आतून पांढरेच. ज्याला काच ओळखायला शिकायचंय त्याने पहिला प्रश्न हाच विचारावा की रंग काचेत आहे की काचेवर. काचेत असेल तर घासून जाणार नाही. काचेवर असेल तर डिशवॉशरची क्षारयुक्त पावडर तो हळूहळू खाते.

तळाच्या आकड्यांवरून आकार कळतात: ४०१ हा सर्वांत लहान निळा, ४०२ लाल, ४०३ हिरवा, ४०४ मोठा पिवळा. सुरुवातीच्या मालावर आकडा नसायचा. आपल्याकडचे आकड्यांचे होते. पिवळा, हिरवा, लाल चांगले. निळा डिशवॉशरमध्ये जाऊन खडूसारखा झाला होता. जोडप्यातल्या वहिनीने विचारलं की तेल लावून चकाकी आणू का. लोक लावतात, विकणारेही लावतात, आणि फोटोत ती चकाकी छान दिसते. पहिल्याच धुण्यात ती उतरते आणि मग खरेदीदार पैसे परत मागतो. तसंच ठेवलं, आणि यादीत निळ्यापुढे 'रंग गेलेला' असं लिहिलं. अशा जुन्या बाहेरच्या रंगांत शिसं आणि कॅडमियम सापडतं. मी स्वतः ही भांडी फळं ठेवायला वापरते, पीठ फेटायला नाही.

चमकलेली पेटी

इथे फार वेळ लागला नाही. पारदर्शक हिरव्या नऊ बश्या आणि आइस्क्रीमसाठीचे, खाली पाय असलेले सहा पेले: हॉकिंगचा ब्लॉक ऑप्टिक आकृतिबंध, १९२९ ते १९३३. अस्सल, युरेनियमचे, टॉर्चखाली डोळे दिपवणारे, आणि तरी या प्रकरणातले सर्वांत स्वस्त. पेले आणि बश्या सगळ्यात जास्त बनल्या, सगळ्यात जास्त उरल्या. कप फुटतो, बशी राहते, अमेरिकेतल्या प्रत्येक अँटिक मॉलमध्ये त्यांचे ढीग आहेत.

संत्र्याचा रस काढायचं दुधाळ हिरवं भांडं, मधोमध खाचांचा शंकू. त्यावर सनकिस्ट हे नाव आणि पेटंट क्रमांक ६८७६४. कॅलिफोर्नियातल्या संत्री उत्पादकांच्या संघासाठी मॅकी कंपनीने ही बनवली. याचा भाव रंगावर ठरतो. हाच साचा, हीच अक्षरं, पण पांढऱ्या दुधी काचेचं भांडं कोणी वळून बघत नाही. हिरव्याला गिऱ्हाईक आहे. निळ्या-काळ्या दुर्मिळ रंगांत मिळालं तर संग्राहक आपसांत भांडतात. वस्तू तीच असताना किंमत दसपट होते ती अशी, आणि म्हणून 'सनकिस्टचं भांडं कितीला जातं' या प्रश्नाला रंग सांगितल्याशिवाय उत्तर नसतं.

मिठाची आणि मिरीची चौकोनी डबी, काळ्या अक्षरांची. मिठाची चमकली, मिरीची नाही, त्यामुळे जोडी तुटून दोन खोक्यांत गेली होती. मिठाच्या डबीवरची अक्षरं बोटं लागतात तिथे झिजलेली. मिरीच्या डबीवरची काल छापल्यासारखी. म्हणजे मिरीची नंतर जुळवलेली.

पिवळट हिरवा जग सगळ्यात जोरात चमकला, आणि जोडप्याने त्यालाच सगळ्यात वरचा मान दिला होता. तळ आरशासारखा गुळगुळीत, टेकायच्या कडेवर एक ओरखडा नाही, साच्याची धार तीक्ष्ण. अलीकडच्या काळातला, बहुधा केंब्रिजकडचा. चांगली वस्तू आहे, दुकानात नवी मिळते तेवढ्याच किमतीची. साधी बिनरंगी बरणी मँगनीजमुळे हलकी चमकली होती, तिचं फार काही नाही. तिच्या आत पांढरट धूर बसला होता. पाण्यात बुडवली की धूर दिसेनासा व्हायचा, वाळली की परत. व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवूनही तो गेला नाही, म्हणजे क्षार साचलेले नव्हते, काचच खाल्ली गेली होती. अशा बरणीला घरगुती उपाय नाही.

आकडे

किंमत म्हणजे कोणती किंमत, हे आधी फोनवर मुलीला विचारून घेतलं. विम्यासाठी लागते ती परत विकत घ्यायची किंमत. ती सर्वांत वरची. राजीखुशीचा विकणारा आणि राजीखुशीचा घेणारा, दोघांनाही घाई नाही, तेव्हा ठरेल ती रास्त बाजारकिंमत. वाटणीला ही लागते. व्यापारी उचलून नेईल ती तिसरी. रास्त किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत, कारण त्यालाही भाडं आहे आणि त्यालाही बश्या पुरतात. ५,००० डॉलरच्या वरचं दान करून कर सवलत घ्यायची असती तर पात्र मूल्यांककाचा औपचारिक अहवाल लागला असता. मी तशी मूल्यांकक नाही, आणि रक्कम त्याच्या आसपासही नव्हती, म्हणून साधी यादी पुरली.

आकडे घेतले ते प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या सौद्यांचे. मागितलेली किंमत कितीही लिहिता येते. जेडाइटचे वाडगे हजार डॉलरला लावून तीन वर्षं बसलेले लोक मला माहीत आहेत. विकले गेलेले सौदेही तसेच घ्यायचे नाहीत. त्यातला टवका, रंग, संच पुरा की अपुरा हे फोटोत पाहायचं, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सौदा सोडायचा. जेडाइटच्या बाबतीत जुने भाव बघायचेच नाहीत. १९९०च्या दशकात मार्था स्टुअर्टने आपल्या मासिकातून आणि टीव्हीवरून हा हिरवा रंग घरोघर पोचवला तेव्हा भाव चढले, मग नव्या आवृत्त्या आणि आयात नकला आल्यावर साध्या मालाचे उतरले, हल्ली परत मागणी आहे. जुन्या किंमतपुस्तकातला आकडा त्या वर्षापुरताच.

थेंबाचे चार वाडगे, एकाला टवका: २८० ते ३४० डॉलर. जेन रेची सहा ताटं आणि आठ कपबशा मिळून १३० ते १६०. पायरेक्सचा संच, निळा फिका असल्यामुळे, ६५ ते ८०. चार गुलाबी थाळ्या ६० ते ८०, नकली लोण्याचं भांडं १० ते १५. बिनझाकणाचा निळा डबा २० ते २५. चमकलेल्या खोक्यातून: रसाचं भांडं ४० ते ५५, ब्लॉक ऑप्टिकचा सगळा ढीग ४० ते ५०, नवा जग ३० ते ४०, मीठ-मिरी मिळून ३० ते ४०, बरणी ५. एकूण ७१० ते ८९० डॉलर. त्यातले पाचातले चार भाग दान दुकानात जाऊ घातलेल्या खोक्यातले.

"म्हणजे टॉर्च फेकून द्यायचा का काकू?" असं त्याने विचारलं. नाही. मीठ-मिरीची जोडी जुळवलेली आहे हे टॉर्चनेच आधी सुचवलं, अक्षरांकडे मी नंतर पाहिलं.

वाटणी

मुलीला हिरवे वाडगे हवे होते. आई त्यात केक फेटायची, टवका बहुधा तिच्याच हातून गेला, असं ती हसत म्हणाली. तिच्या नावावर ते ३०० डॉलरला धरले. भावाला वस्तू नको होत्या. उरलेल्या मालाची विक्री केली. कपबशा, पायरेक्स आणि गुलाबी थाळ्या ऑनलाइन, कारण त्यांना पाठवणावळ परवडते. नऊ बश्या पाठवायच्या तर टपालखर्चच त्यांच्या किमतीच्या वर जातो, त्या इथल्याच एका व्यापाऱ्याने पेल्यांसकट एकगठ्ठा घेतल्या. नकली लोण्याचं भांडं नकली म्हणून लिहूनच विकलं. दलाली, खोकी, फुगेवाला प्लॅस्टिक कागद वजा जाता भावाच्या हातात ३०० ला थोडे कमी पडले, तो फरक बहिणीने स्वतःहून भरला.

रसाचं भांडं तिने या जोडप्याला ठेवून घ्यायला सांगितलं. वहिनीने लगेच लिंबं आणली. शोभेला ठेवण्यात धोका मानत नाहीत, पण आंबट रस रोज युरेनियमच्या काचेत कशाला काढायचा? लिंबांसाठी त्यांच्याकडे स्टीलचं आहे.

निळा डबा माझ्या कपाटात आहे. झाकण वेगळं मिळालं तर डब्याइतकेच पैसे त्याला पडतील, आणि तरी जोडी झाल्यावर दोन्ही मिळून त्याहून बऱ्याच जास्तीला जाईल. मॉलमधल्या तिघा विक्रेत्यांना माप देऊन ठेवलंय. चौकोनी झाकणाच्या आतल्या कडेला पायरी असते. डब्याच्या काठावर ती बसली पाहिजे, नुसती लांबी-रुंदी जुळून उपयोग नाही.